साहेबांचा आवाज

केप्सोइत गावात लग्न असो, मयत असो की चर्चचा सण, कर्णे किमायोचेच लागायचे. दुसऱ्या कुणाकडे नव्हते असं नाही, पण किमायोचा आवाज फाटत नसे. मैदानावर पोचला की आधी तो वारा कुठून येतोय ते बघायचा, मग कर्ण्यांची तोंडं फिरवायचा. दोन मैलांवर मका खुडणाऱ्या बाईलाही पाद्रीबाबांचा शब्द न् शब्द कळला पाहिजे, असा त्याचा हट्ट. पिकअपच्या दारावर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं: ‘किमायो साउंड’.

निवडणूक लागली तेव्हा ती अक्षरं उमेदवार लेलेई साहेबांच्या फोटोखाली झाकली गेली. साहेबांचा माणूस केम्बोई, किमायोचा चुलतभाऊच, घरी येऊन म्हणाला, “दोन महिने तू साहेबांचा. गाडी साहेबांची, कर्णे साहेबांचे, तूपण साहेबांचा.”

“आणि मी कुणाची?” आतून न्यागुथीने विचारलं.

“तुम्ही आमच्या वहिनी,” केम्बोई हसला. पण तिने पुढे केलेला चहा त्याने घेतला नाही. अशी वेळ पहिल्यांदाच आली होती.

न्यागुथी किकुयू जमातीची होती आणि किमायो कालेंजिन. तिच्या आजोबांनी पन्नास वर्षांपूर्वी, गोरे मळे विकून गेले तेव्हा, इथे जमीन घेतली. ती जन्मली इथेच, गिरणीमागच्या गल्लीत, जिथे अकरा घरं होती आणि अकराही किकुयूंची. कालेंजिन भाषा ती किमायोपेक्षा ठसक्यात बोलायची. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी तोंडं वाकडी केली, वर्षभर धुसफूस झाली, मग सगळे जेवायला आले. आता तिला पाचवा महिना होता.

लेलेई साहेब सभेत दोनदा बोलायचे. पहिल्यांदा स्वाहिलीत. तेव्हा नैरोबीचे कॅमेरेवाले असत, निरीक्षक म्हणून आलेल्या परदेशी बायका उन्हाने लाल होऊन पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या असत. साहेब रस्त्यांवर, पाण्यावर, बंधुभावावर बोलायचे. आवाज अगदी मधाळ. मग गाड्या धूळ उडवत निघून जायच्या, साहेब कोट काढायचे आणि किमायोकडे बघून दोन बोटं वर करायचे. म्हणजे आवाज वाढव.

मग आपल्या भाषेत सुरू.

“घरी पाहुणा आला. आपण त्याला दूध दिलं. तो जेवला. हात धुतले. आता त्याने काय करायला पाहिजे?”

“उठायला पाहिजे!” मैदान ओरडायचं.

“आणि नाही उठला तर?”

इथे साहेब थांबायचे. काही म्हणायचे नाहीत. नुसते रुमालाने मान पुसायचे. गर्दीतून कुणीतरी काहीतरी ओरडायचं, हशा उसळायचा, आणि साहेब हात जोडून म्हणायचे, “मी काही बोललो नाही हं. तुम्हीच बोललात.”

किमायोही एकदा हसला होता. मग स्वतःचं हसणं त्याच्याच कानांनी ऐकलं आणि त्याने तोंड मिटलं.

घरी आल्यावर न्यागुथीने मक्याच्या पिठाची उगाली वाढली आणि विचारलं, “आज काय बोलले?”

“नेहमीचंच. रस्ता, पाणी.”

तिने भाजीची वाटी त्याच्यासमोर ठेवली. “तुझे कर्णे फार चांगले आहेत, किमायो. आमच्या आईच्या अंगणापर्यंत ऐकू येतं. आम्ही दोघी बटाटे निवडत होतो. आई म्हणाली, हा पाहुणा कोण गं?”

किमायोने हातातला घास ताटातच ठेवला. तिने त्याला आणखी भाजी वाढली. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या दिवसांत मोठं असं काहीच घडलं नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. न्यागुथीची आई, वामुयू, बाजारात बटाटे विकायची. लहान चणीची, सुपारीएवढी बाई, पण तिच्या तोंडाला बाजार टरकून असायचा. तिच्यासमोरून बायका मान वळवून पुढे जाऊ लागल्या. दूधवाला गल्लीत यायचा बंद झाला. चर्चमध्ये बाकावर तिच्या शेजारी कुणी सरकून बसेना. पलीकडच्या डोंगरावर किकुयू जास्त, तिथे गथाइगा नावाचे त्यांचे पुढारी सभा घेत होते, आणि तिथून बातम्या यायच्या की कालेंजिन पोरांना मटाटूच्या प्रवासी गाडीतून खाली उतरवून मारलं. खरं किती, खोटं किती, कुणाला माहीत. इकडे प्रत्येकजण ती गोष्ट सांगताना मेलेल्यांत एकाची भर घालायचा.

शेवटच्या सभेच्या दिवशी किमायोने जे ऐकलं, ते दुसऱ्या कुणीच ऐकलं नाही.

साहेब पहिलं भाषण संपवून मैदानाशेजारच्या हॉटेलात चहाला गेले. बिनवायरचा माईक तसाच कॉलरला होता, बंद करायचा राहिलेला. किमायो झाडाखाली हेडफोन लावून बसला होता. कर्ण्यांचा आवाज त्याने खाली केला होता, पण कानात साहेब स्पष्ट ऐकू येत होते. ते फोनवर होते.

“अहो गथाइगा, काल फार मवाळ बोललात तुम्ही,” साहेब म्हणत होते. “असं करून कसं चालेल? तुम्ही तुमच्यांना तापवलंत की माझे घाबरून माझ्याकडे येतात. माझे तापले की तुमचे तुमच्याकडे. तुम्ही थंड पडलात तर माझी मतं फुटतील हो... नाही नाही, पोलीस काय करतात? चार दिवस होईल धूर, मग आपण दोघं बसूच की. बसल्याशिवाय कुणाला सुटका आहे?” मग खळखळून हसणं. “लेक कशी आहे तुमची? आमचीही म्हणत होती, सुट्टीत तिच्याच खोलीवर राहते. लंडनला यंदा थंडी फार आहे म्हणे.”

किमायोचा हात कर्ण्यांच्या नॉबवर होता. मैदानात चार हजार माणसं बसली होती. शेंगा खात होती, झेंड्यांनी वारा घेत होती. नॉब अर्धा फिरवला असता तरी पुरे होतं. साहेबांच्याच तोंडून, साहेबांच्याच आवाजात, सगळं त्यांना ऐकू गेलं असतं.

समोर केम्बोई उभा होता, पाठमोरा. त्याच्या कमरेला कोयता होता. सगळ्यांच्याच असतो, मक्याचे दिवस होते. किमायोच्या डोळ्यांपुढे एकदम न्यागुथीचं पोट आलं. आपण नॉब फिरवला तर आधी वायर तुटेल, मग आपण, आणि मग हे लोक आपल्या घरी जातील. असं त्याने मनाशी म्हटलं. खरं होतं की भित्रेपणाला दिलेलं कारण होतं, हे त्याला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

त्याने नॉब फिरवून आवाज पूर्ण बंद केला. साहेब बाहेर आले, कोट काढला आणि दोन बोटं वर केली.

मतदान शांततेत झालं. निकाल तीन दिवस लांबला. चौथ्या दिवशी दुपारी रेडिओवर नाव जाहीर झालं. साहेबांच्या पक्षाचा माणूस देशाचा अध्यक्ष झाला नव्हता, गथाइगांच्या पक्षाचा झाला होता. बाजारातली दुकानं एकामागून एक धडाधड बंद झाली. नंतर बराच वेळ काहीच आवाज नव्हता. किमायोने आयुष्यात इतकी शांतता ऐकली नव्हती. मग डोंगराच्या बाजूने शिट्ट्या सुरू झाल्या, आणि धुराची पहिली रेघ वर चढली.

केम्बोईचा फोन आला. “गाडी काढ. चौकात ये. पोरांना जमवायचंय.”

“डिझेल नाही. भरून येतो.”

“लवकर ये.” आणि मग, “वहिनी घरीच आहेत ना?”

“घरीच.”

फोन ठेवून किमायोने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. तो मोठ्या स्पीकर-बॉक्सची पुढची जाळी खोलू लागला. गाडीवर दोन बॉक्स होते, लाकडी, कपाटाएवढे. एकातला अठरा इंची स्पीकर त्याने काढून शेळ्यांच्या गोठ्यात टाकला. वामुयू सकाळीच मागच्या वाटेने लेकीकडे आली होती.

“आत बसा, आई.”

वामुयूने खोक्याकडे बघितलं. “मेल्यावर पेटीत घालतात. तू आधीच घालतोयस.” पण ती आत शिरली, गुडघे छातीशी घेऊन. “पुढचं फळकं लाव. आणि माझ्या लेकीला नीट ने, नाहीतर तुला मी बाहेर आल्यावर बघते.”

त्याने जाळी बसवली, वर काळं कापड ठोकलं. मागच्या भोकातून हवा जात होती. न्यागुथीने साहेबांचा फोटो असलेला टी-शर्ट पोटावर ताणून घातला, डोक्यावर साहेबांची टोपी चढवली आणि पुढे बसली.

“कशी दिसते?”

“साहेबांची मतदार.”

“मत तर मी देऊनच आले होते,” ती म्हणाली. “त्यांनाच. वाटलं, जिंकले तर गप्प बसतील.”

सोइमेट गावाची पोलीस चौकी अकरा मैलांवर. पहिला अडथळा मैलभरावरच होता, निलगिरीची दोन झाडं आडवी टाकलेली. वीस-पंचवीस जण होते, तोंडाला चुन्याचे पट्टे ओढलेले, हातात धनुष्यं, कोयते. किमायोने त्यांच्यातल्या निम्म्यांच्या लग्नात कर्णे लावले होते. चुन्यामुळे एकही ओळखू येत नव्हता.

एकाने खिडकीत डोकं घातलं. “ही कोण? कुठली?”

न्यागुथीनेच तोंड उघडलं.

“कुठली म्हणजे? डोळे आहेत का भोकं? टोपी दिसत नाही? सातवा महिना लागलाय, हा माणूस मला या खड्ड्यांतून नेतोय, आणि तुम्ही रस्त्यात लाकडं टाकून बसलात! इथेच बाळंत होऊ का? पाणी तापवायला कोण येतंय तुमच्यातलं? तू येतोस? हात तरी धुतलेस का आज?”

असं अस्सल गावरान कालेंजिन, त्यातही सासवांच्या सुरातलं. मागचे फिदीफिदी हसले. खिडकीतला वरमला. “जा आई, जा. पण साहेबांचं भाषण लाव की जरा.”

किमायोने लावलं. पाहुणा जेवला. हात धुतले. रस्ताभर साहेबांचा आवाज घुमला. पोरं नाचायला लागली. एकजण गाडीवर चढला आणि बॉक्सला कान लावून म्हणाला, “हा का वाजत नाही?”

“वायर जळलीय त्याची,” किमायो म्हणाला.

त्या माणसाने काठीच्या गाठीने बॉक्सवर दणका घातला. मग दुसरा. किमायो आरशात बघत होता. न्यागुथीची नखं त्याच्या मांडीत रुतली होती, चेहऱ्यावर मात्र ती कंटाळल्यासारखं हसू धरून बसली होती. बॉक्समधून चूं की चां नाही. तो माणूस खाली उतरला. झाडं बाजूला सरकली.

गाडी अर्धा मैल पुढे गेली. मग न्यागुथी खिडकीबाहेर तोंड काढून ओकली.

चौकाच्या वळणावर दुसरा अडथळा. तिथे तोंडाला चुना न लावलेला एकच माणूस होता: केम्बोई. एका हातात फोन, दुसऱ्यात यादी. तो सावकाश आला, आधी गाडीकडे पाहिलं, मग आत.

“डिझेल चौकाच्या अलीकडेही मिळतं, भावा.”

“तिथलं संपलंय.”

“वहिनी, टोपी शोभते तुम्हाला.” केम्बोई अगदी गोड आवाजात म्हणाला. “आणि सासूबाई कुठे तुझ्या?”

“परवाच गेल्या. नाकुरूला, बहिणीकडे.”

केम्बोईची नजर मागे गेली. कर्णे, जनरेटर, दोन बॉक्स. तिथे ती जरा जास्तच रेंगाळली. त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे. लहानपणी दोघं एकाच चटईवर झोपायचे.

“म्हणजे गिरणीमागच्या गल्लीत तुझं आता कुणी नाही.”

“नाही.”

“मग बोल.” त्याने डॅशबोर्डवरचा माईक उचलून किमायोच्या हातात दिला. “माझ्या आवाजावर कोण येणार? तुझा आवाज सगळे ओळखतात. सांग, गिरणीजवळ जमा. तीनदा सांग, मग जा तू तुझ्या डिझेलला.”

किमायोला वाटलं, शाळेचं मैदान म्हणावं. शाळा दुसऱ्या टोकाला होती. तेवढ्यात गल्लीतली माणसं शेतातून निसटतील. शब्द जिभेवर आलाही होता. पण केम्बोईचा हात न्यागुथीच्या बाजूच्या दाराच्या कडीवर होता, आणि तो हात हलत नव्हता.

“केप्सोइतच्या तरुणांनो,” किमायोने म्हटलं. “गिरणीजवळ जमा. लगेच या. गिरणीजवळ.”

आवाज फाटला नाही. वारा गावाकडेच वाहत होता. तीनदा सांगून झाल्यावर केम्बोईने दाराची कडी सोडली आणि बोनेटवर दोन थापा मारल्या.

सोइमेटच्या चौकीच्या आवारात हजारभर माणसं आधीच जमली होती, गाद्या, कोंबड्या, शिवणयंत्रं घेऊन. किमायोने जाळी काढली. वामुयूचे पाय उघडेनात, दोघांनी धरून बाहेर काढली. ती जमिनीवर बसली आणि केप्सोइतच्या दिशेने बघत राहिली. तिथे आता एक नाही, बऱ्याच रेघा वर चढत होत्या, आणि वर जाऊन एक झाल्या होत्या.

“केरूला पळता येत नाही,” ती म्हणाली. केरू म्हणजे गल्लीतला लंगडा शिंपी. “न्जोकीची पोरं झोपली असतील या वेळी.”

किमायो जाळीचे स्क्रू गोळा करत राहिला. खोक्यात तिला सगळं ऐकू गेलं होतं.

गल्लीतली सहा माणसं गेली. केरू गेला. न्जोकी आणि तिची थोरली वाचली, धाकटा नाही.

विस्थापितांसाठी उभारलेल्या छावणीतल्या तंबूत न्यागुथीला मुलगी झाली. दाई कालेंजिन होती की किकुयू, कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मुलगी चाळीस दिवसांची झाली तेव्हा छावणीबाहेरच्या टपरीवर टीव्ही लागला होता. लेलेई साहेब आणि गथाइगा एकमेकांचे हात हातात घेऊन उभे होते. दोन्ही पक्षांचं मिळून सरकार बनलं होतं, दोघेही मंत्री झाले होते. साहेब स्वाहिलीत बोलत होते, मधाळ. टपरीवर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शिवीही दिली नाही. चहावाल्याने आवाज बारीक केला.

पुढच्या वर्षी चौकशीसाठी नैरोबीहून आयोग आला. वामुयू वर्षभर त्या दिवसाबद्दल जावयाशी चकार शब्द बोलली नव्हती. त्या सकाळी मात्र तिने त्याचा शर्ट इस्त्री करून पुढे ठेवला.

“जा.”

“आई, मी गेलो तर माझंच नाव लागेल.”

“लागू दे. केरूचं लागलंय ना दगडावर?” मग जरा मवाळ होऊन म्हणाली, “मी वाचले ती तुझ्यामुळे. ते मी देवाला सांगीन. बाकीचं तू सांग.”

न्यागुथी मुलीला पाठीशी बांधून त्याच्यासोबत गेली. रस्ताभर तिने त्याला जाऊही नको म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

मंडपात एक लांब टेबल होतं, तीन माणसं, आणि लिहून घेणारी एक मुलगी. किमायोने सगळं सांगितलं. दोन बोटं, पाहुण्याची गोष्ट, कॉलरवरचा माईक, लंडनची थंडी. मधल्या माणसाने चष्मा काढला. “हे फोनवरचं बोलणं आणखी कुणी ऐकलं?”

“नाही.”

“रेकॉर्ड केलं?”

“नाही, साहेब.”

“मग माननीय मंत्र्यांविषयीचं हे आम्हाला ऐकीव म्हणूनच लिहावं लागेल.” त्याने पान उलटलं. “आणि लोकांना गिरणीजवळ बोलावलं कुणी?”

“मी.”

“नक्की?”

“तो माझाच आवाज होता. गावात कुणालाही विचारा.”

हे मात्र ऐकीव नव्हतं. मुलीने ते ठळक लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला. किमायोने सही केली. केरूचं नाव त्याने स्वतः सांगितलं, न्जोकीच्या धाकट्याचंही, आणि बाकीच्या चौघांची. लिहिणारीने एका नावाचं स्पेलिंग विचारलं, तेही त्याने सांगितलं.

बाहेर ऊन रखरखत होतं. रांगेत उभी असलेली माणसं त्याच्याकडे बघत होती. कोण कुठल्या बाजूचं, कळायला मार्ग नव्हता. न्यागुथी कडुनिंबासारख्या एका झाडाच्या सावलीत मुलीला पाजत बसली होती. तो तिच्याकडे निघाला तेवढ्यात एक माणूस जवळ आला. चांगला कोट, चकचकीत बूट, पूर्वी कधी न पाहिलेला. त्याने किमायोचा हात धरून दाबला आणि आपल्या भाषेत हळूच म्हणाला, “छान बोललास, किमायो. सगळं नीट ऐकू आलं.”

आणि गर्दीत मिसळून गेला.

किमायो तिथेच थबकला. हा आभार मानून गेला की बजावून, त्याला काही समजेना. त्या माणसाला आपलं नाव कसं माहीत, हेही समजेना. हातावर त्याची पकड अजून जाणवत होती.

“कोण होता तो?” न्यागुथीने विचारलं.

“कुणी नाही. ओळखीचा.” त्याने मुलीला तिच्याकडून घेतलं. “चल.”

“बसथांबा तिकडे आहे.”

“ठाऊक आहे. आपण शेतातून जाऊ.”

तिने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं, टोपडं मुलीच्या डोळ्यांवर ओढलं, आणि पुढे काही न विचारता मक्याच्या ताटांमधून त्याच्या मागे चालू लागली.